घरी जाऊन सांगायचं

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
१२ नोव्हेंबर १९९५

प्रिय आयडा,

"फळ्यावर नाव न्हाय दिसला तर पोरगा गर्दीत रडते, घरी येऊन सांगितला तर आईजवळ रडते."

तुझे पपा हे माझ्या आईला म्हणाले होते. सत्तर साल असेल. आम्ही गिरगाव सोडून भाईंदरच्या खारीत राहायला आलो होतो आणि आमच्या चंदनला तुमच्या लाइटहाऊस इलेव्हनमध्ये घेतलं होतं. उत्तनच्या फुटबॉल क्लबात भाईंदरचा पहिला मुलगा. चार सामने खेळला आणि पाचव्याला पपांनी त्याला काढलं. शनिवारी दुपारी उत्तनहून सायकल मारत आले, आमच्या घरातल्या एकुलत्या एका खुर्चीत बसले, बशीत ओतून चहा प्यायले आणि मग चंदनकडे बघून म्हणाले, "उद्या तू न्हाय." आई म्हणाली, "अहो, एवढ्यासाठी एवढ्या लांब आलात?" त्यावर ते वाक्य. चंदन खरंच आईच्या मांडीत डोकं खुपसून रडला, आणि दुसऱ्या दिवशी लिंबं कापायला मैदानावर हजर होता.

पंचवीस वर्षं झाली, क्लबचा रिवाज तोच आहे. शनिवारी संध्याकाळी फळ्यावर अकरा नावं लागतात, पण ज्याचं नाव गळणार असेल त्याला दुपारीच घरी जाऊन मॅनेजरने सांगायचं.

आज हे का आठवलं, ते सांगते. क्लबच्या कमिटीत मॅनेजर बदलायचा विषय निघालाय.

तुला माहीत आहे, मला तीन वर्षांपूर्वी सेक्रेटरी केलं ते फुटबॉल कळतो म्हणून नाही, नगरपालिकेला अर्ज लिहायला कोणी नव्हतं म्हणून. पण हरलेलं कळायला फुटबॉल कळावा लागत नाही. सातपैकी सहा सामने गेले. गेल्या रविवारी पपांनी राखीव गोलकीपरला फॉरवर्ड म्हणून आत पाठवलं. पोरगा म्हणतोय, "अंकल, मी?" पपा म्हणतात, "हा, तूच, जा लवकर." तो हातमोजे घालूनच धावत गेला. लोक इतके हसले की रेफ्रीसुद्धा हसला. मी नाही हसू शकले.

कमिटीत आम्ही पाच. उत्तनचे दोघं पपांच्या बाजूने. खारीचे दशरथभाऊ आणि स्टेशनजवळचे पटेलशेठ म्हणतात, बदला. दशरथभाऊंचं म्हणणं, "मायकेलला शाल देऊ, नारळ देऊ, फोटो काढू. पण आता पुरे." त्यांनी वसईकडचा एक इव्हान नावाचा माणूस शोधलाय. पस्तिशीचा आहे, कोचिंगचा रीतसर कोर्स केलेला. उरलेलं पाचवं मत माझं. फेब्रुवारीच्या बैठकीत द्यायचंय.

तुला विचारल्याशिवाय द्यायचं नाही असं मी ठरवलंय. पपा तुला काही लिहितात का? माझ्याशी ते फक्त कामाचं बोलतात. हल्ली फळासुद्धा मीच लिहिते. ते शेजारी उभे राहून नावं सांगतात. म्हणतात, "तुजा अक्षर चांगला हाय."

तुझी,
सुचेता


मनामा, बहरीन
१ डिसेंबर १९९५

सुचू,

तुझं पत्र डबा खाताना वाचलं, डबा तसाच राहिला.

शाल आणि नारळ! दशरथला सांग, पपांच्या दारात तीन माड आहेत. त्यांचाच नारळ पाडून त्यांच्याच हातात देणार काय? आणि शाल कशाला, उत्तनला थंडी कधी पडते?

मला विचारल्याशिवाय मत देणार नाहीस म्हणतेस. विचारलंस ना? मग माझं उत्तर नाही. बदलायचं नाही.

मम्मी गेली त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर पपांकडे काय उरलं, तू सांग. मी इथे. होडी विकली. सकाळी उठतात, चर्चला जातात, तिथून मैदानावर. बोंबील वाळत घालायच्या बांबूंपासून चर्चच्या कंपाउंडपर्यंत हातांनी शिंपले वेचतात, पोरांच्या पायाला लागू नयेत म्हणून. मी सुट्टीवर आले होते तेव्हा म्हटलं, पपा, झाडूवाली लावू. तर म्हणाले, "झाडूला शिंपला कलत न्हाय."

टीम हरते ती काय मॅनेजरमुळे? चांगली पोरं जहाजावर गेली, उरलेली माझ्यासारखी गल्फला. आणि तुमची बिल्डिंगमधली पोरं क्लास चुकवत नाहीत, प्रॅक्टिस चुकवतात. इव्हान काय सर्टिफिकेट खेळवणार आहे?

पपांची तब्येत ठणठणीत आहे. मे महिन्यात महिनाभर मी त्यांच्यासोबत होते. वय झालंय एवढंच. लिहिताना हात दुखतो म्हणून माझी पत्रं शेजारच्या स्टेफनीकडून लिहून घेतात, आणि फळा तुझ्याकडून. काकांची मुलगी म्हणून स्टेफनी करते ते सगळं, तू उगाच त्यात काही शोधू नकोस.

तुझा कौस्तुभ खेळतोय ना? लेफ्ट बॅक ना तो? गेल्या वेळी मी पाहिला तेव्हा चंदनसारखाच पळत होता, हात अंगाला चिकटवून. त्याला विचार, मायकेल अंकलशिवाय क्लब कसा वाटेल. पोरं खरं सांगतात.

आयडा


जेसल पार्क
२६ डिसेंबर १९९५

प्रिय आयडा,

नाताळच्या शुभेच्छा, एक दिवस उशिरा. काल मी उत्तनला गेले होते. स्टेफनीने केलेला केक पपांनी स्वतः कापून दिला. माझ्या बशीत तीन तुकडे ठेवले, म्हटलं पुरे, तर चौथा ठेवला. तू पाठवलेला टीव्ही स्टेफनीकडे लागलाय. पपांकडे रेडिओच. मी विचारलं तर म्हणाले, "टीवीत लय बडबड." मी म्हटलं, आणि रेडिओत? तर हसले. तुला त्यांचं हसणं आठवत असेल, दात न दाखवता, फक्त खांदे हलतात.

तुझ्या पत्राने मला बरं वाटायला हवं होतं. तू ठाम आहेस. मी मात्र रविवारी मैदानावर जाते आणि दर वेळी थोडी मोडून येते. सामना चालू असताना पपा रेषेवर उभे असतात ते मान खाली घालून. बॉल कुठे आहे ते बघतही नाहीत. पूर्वी कसे रेषेवरून धावायचे, "बाहेर! बाहेर काढ!" करत. आता पाऊण तास एका जागी, मान खाली. मग एकदम नाव घेऊन ओरडतात, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

आणखी एक. हल्ली त्यांना आरडाओरडा करणारीच पोरं लागतात. मैदानभर एकमेकांना हाका मारत हिंडणारी. खेळ असो नसो. ती सगळी तुमच्या गावची असतात, हे मी बोलणार नव्हते, पण कमिटीत सगळे बोलतात.

काल निघताना मी धीर करून विचारलं, "अंकल, दमलात का?" ते म्हणाले, "दमला तं तुजे घरी येऊन सांगीन."

कौस्तुभचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे. सध्या खेळणं थोडं कमी केलंय.

तुझी,
सुचेता


मनामा
१६ जानेवारी १९९६

सुचेता,

बी.कॉम.!

स्टेफनीचं पत्र आलं. कौस्तुभला पपांनी ऑक्टोबरमध्येच काढलं. तू पहिलं पत्र लिहिलंस नोव्हेंबरमध्ये. म्हणजे चंदनला काढल्याची पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट तुला बशीतल्या चहासकट आठवली, आणि स्वतःच्या मुलाला काढल्याला पंधरा दिवस झाले होते ते लिहायला विसरलीस.

मी माझ्या वॉर्डात रोज असे पेशंट बघते. दुखतं कुठे विचारलं की दुसरंच बोट दाखवतात.

मला आता तुझी पत्रं परत वाचावी लागली. "मी नाही हसू शकले." "थोडी मोडून येते." सुचू, तू मला मत विचारत नव्हतीस, माझ्याकडून माफी आधीच घेऊन ठेवत होतीस.

पपांनी त्याला काढलं असेल तर कारण असेल. चंदनला काढलं तेव्हा तुझ्या आईने कमिटी नाही बसवली.

एक कर. तू मत देऊ नकोस. बैठकीला जाऊ नकोस, ताप आला म्हण, सासूबाई आल्या म्हण. दोन विरुद्ध दोन राहू दे. या सीझनपुरतं. मे महिन्यात मी येते, मीच पपांशी बोलते. तेवढा वेळ दे. का, ते विचारू नकोस.

आयडा


जेसल पार्क
११ फेब्रुवारी १९९६

प्रिय आयडा,

तुझं खरं आहे. मी लपवलं.

कसं झालं ते आता लिहिते. ऑक्टोबरमधल्या त्या शनिवारी दुपारी बेल वाजली. पपा दारात. रिक्षातून उतरून तीन जिने चढून आले होते, भिंतीला हात लावत, शर्टाच्या बाहीला चुना लागला होता. मी म्हटलं, अंकल, खालून हाक मारली असतीत तर आम्हीच आलो असतो. ते आत आले. कौस्तुभ सोफ्यावर होता, त्याच्याकडे न बघता माझ्याकडे तोंड करून बसले. चहा घेतला. मग म्हणाले, "उद्या कौस्तुभ न्हाय." मला आईचं आठवलं, मी तसंच हसत विचारलं, "का हो अंकल, काय चुकलं?" ते म्हणाले, "पोरगा बरा हाय. पन तो बोलत न्हाय."

कौस्तुभ काहीच बोलला नाही. तो तसाच आहे. लहानपणी तापात पडला तरी आम्हाला कपाळ बघून कळायचं. रडलाही नाही. उठून आत गेला आणि बुटांच्या नाड्या सोडून त्यांची गुंडाळी करून कपाटात ठेवली. मी पपांना जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि मनात म्हटलं, बोलत नाही म्हणजे तुमच्या पोरांत मिसळत नाही, तुमच्यासारखं बोलत नाही, असंच ना? बिल्डिंगमधला आहे म्हणून. पंचवीस वर्षं तुमच्या गावात येतोय आम्ही.

हे मी तुला लिहू शकले नाही कारण लिहिलं असतं तर माझ्या मताला काही किंमत उरली नसती. माझ्याच लेखी.

बैठक चार तारखेला झाली. मी गेले. ताप आला म्हणणं मला जमलं नाही. तू "का, ते विचारू नकोस" असं लिहिलंस, आणि मला वाटलं, मुलगी आहे, वेळ काढतेय. मी मत दिलं, बदलायच्या बाजूने. कौस्तुभमुळे दिलं का, असं स्वतःला खूपदा विचारलं. दर वेळी निराळं उत्तर येतं. पण त्या गोलकीपरचे हातमोजे डोळ्यांसमोरून जात नाहीत. टीममधली बाकीची पोरंही कोणाची तरी आहेत.

दशरथभाऊ म्हणाले, "रजिस्टर्ड पत्र पाठवून द्या, झालं." मी म्हटलं, नाही. या क्लबात घरी जाऊन सांगतात. पटेलशेठ म्हणाले, "तो कौन जाएगा, मॅडम?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

येत्या शनिवारी मी जाणार आहे. एवढं तरी मी नीट करीन. माझा शब्द आहे तुला.

तुझी,
सुचेता


मनामा
१० मार्च १९९६

सुचेता,

फळ्यावर.

फळ्यावर लिहिलंस तू.

स्टेफनीने सगळं लिहिलंय. शनिवारी तू आलीस, पपांच्या अंगणात बसून चहा घेतलास, जर्सी वाळत घालायला त्यांना मदत केलीस, आणि गेलीस. जाताना मैदानावर जाऊन फळ्यावर अकरा नावं लिहिलीस आणि वर "मॅनेजर : श्री. इव्हान". छान अक्षरात. आणि रविवारी माझे पपा जर्सींचं बोचकं डोक्यावर घेऊन त्या फळ्यासमोर उभे राहिले.

आता मीही सांगते, म्हणजे तुझी झोप पूर्ण उडेल. पपांना फळा दिसत नाही. दोन वर्षं झाली. काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला, डाव्याने उजेड आणि अंधार कळतो, माणसाची सावली कळते. मे महिन्यात मीच डॉक्टरांकडे नेलं होतं, उशीर झाला होता. त्यांनी मम्मीच्या फोटोवर माझा हात ठेवून शपथ घ्यायला लावली की कोणाला सांगायचं नाही. नाहीतर क्लब उद्याच्या उद्या काढेल, म्हणाले. मी नर्स आहे, मला शपथ पाळायची सवय आहे.

ते मान खाली घालून उभे राहायचे ते ऐकायला, सुचेता. बॉल कुठे आहे ते पोरांच्या हाकांवरून कळायचं. कोण कुठे आहे ते आवाजावरून. म्हणून बोलणारी पोरं लागायची. तुझा मुलगा बोलत नाही, म्हणजे पपांच्या मैदानात तो नसायचाच. तरी ते तीन जिने चढून तुला सांगायला आले. भिंतीला हात लावत. चुना तुला दिसला!

मी लपवलं ते त्यांच्यासाठी. तू लपवलंस ते कोणासाठी?

मला लिहू नकोस.

आयडा


जेसल पार्क
४ मे १९९६

आयडा,

मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये पाठवलेली माझी दोन्ही पत्रं परत आली, न उघडता. म्हणून हे उत्तनच्या पत्त्यावर पाठवतेय. तू नोकरी सोडून कायमची आलीस असं कळलं. जेसल पार्कहून उत्तनला पत्र पोस्टाने पाठवताना पोस्टातली बाईसुद्धा म्हणाली, "इतक्या जवळ कशाला तिकीट लावता?"

हे तरी वाच. मी बचाव करत नाही, स्टेफनीला माहीत नाही तेवढं सांगते.

त्या शनिवारी मी फाटकातून आत आले तेव्हा पपा दोरीवर जर्सी घालत होते. मी दहा पावलांवर होते. त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोन?" मी म्हटलं, मी सुचेता. त्यांचा चेहरा खुलला. मला वाटलं, उन्हामुळे ओळखलं नसेल. आयडा, ते माझ्या समोर होतं आणि मी ऊन म्हटलं. मग ते एकेक जर्सी चाचपून नंबर सांगायला लागले. पाठीवरच्या शिवणीवरून. मला म्हणाले, "ही तीन नंबर कौस्तुभची. धुऊन ठेवलीय. तो परत येईल. पोरगा चांगला पळते, त्याचा पाय मला कलते, पन तोंड उघडीत न्हाय." मी सांगायलाच आले होते. चार वेळा तोंड उघडलं. चहा संपला, कप रिकामा धरून बसले. शेवटी म्हटलं, येते अंकल. ते म्हणाले, "फला लिवायला जाते ना? मी संध्याकाली येतो नावा सांगायला." मी म्हटलं, नको, आज तुम्ही आराम करा, इव्हान सांगतील, ते मदतीला येणार आहेत. हे खोटं मी त्यांच्या दारात उभं राहून बोलले.

मैदानावर इव्हान उभा होता. त्याने नावं वाचली, मी लिहिली. मनात म्हटलं, फळ्यावर वाचतील तेव्हा मी समोर नसेन. त्या क्षणी मला तेवढंच हवं होतं.

रविवारी मी गेले नाही. कौस्तुभ गेला. इव्हानने त्याला पुन्हा घेतलं होतं, तू हेही म्हणशील आणि तुला तो हक्क आहे. पुढचं सगळं त्याने मला सांगितलं, तेही महिन्याने, एका वेळी एक वाक्य, असं.

पपा बोचकं घेऊन आले. फळ्यासमोर उभे राहिले, नेहमीसारखे, वाचतायत असं दाखवत. मग वळले आणि पोरांना नेहमीसारखं बोलायला लागले. दोन्ही कडा धरा, मधे गर्दी करू नका. पोरं गप्प. गावची ती बडबडी पोरंसुद्धा. इव्हान लांब, बुटांकडे बघत. दशरथभाऊ चहाच्या टपरीवर गेले. पाच मिनिटं ते बोलत होते आणि कोणी हुं केलं नाही. मग ते थांबले. "काय झाला? कोन मेला काय?" म्हणाले. तरी कोणी बोलेना.

तेव्हा कौस्तुभ बोलला. "मायकेल अंकल, फळ्यावर तुमचं नाव नाही."

एवढंच. माझ्या मुलाने त्या मैदानावर उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. त्याचं काम नव्हतं ते. माझं होतं.

पपा आवाजाच्या दिशेने वळले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आता बोलला. आता घेतला असता तुला." आणि बोचकं त्याच्या हातात देऊन चालायला लागले. कौस्तुभ म्हणतो, ते घराकडे न जाता बांबूंकडे वळले, कोळणींनी हात धरून परत वाटेला लावलं. तेव्हा सगळ्यांना कळलं. गर्दीत.

कौस्तुभने बूट पुन्हा कपाटात ठेवले. माझ्याशी तो आता जेवणापुरतंही बोलत नाही. तीन नंबरची जर्सी त्याने तुमच्याकडे आणून दिली असेल, किंवा नसेल, मला विचारायची हिंमत नाही.

क्लब जिंकतोय. पाचपैकी चार. पपांना काढायला हवं होतं, हे मी आजही म्हणते. तुझ्यासमोर उभी राहूनही म्हणेन. ज्याला दिसत नाही अशा माणसाच्या हाती पोरं सोपवून आपण दोघी दोन बाजूंनी गप्प बसलो, तू प्रेमापोटी आणि मी रागापोटी. तू डिसेंबरमध्ये एक ओळ लिहिली असतीस तर त्यांना दोन माणसांच्या मधे बसवून, हात धरून सांगता आलं असतं. हे तुला लागेल. लागावं म्हणूनच लिहितेय, खोटं कशाला बोलू. पण काढणं आणि सांगणं या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी माझ्यावर सोपवली होती. ती मी एकोणीस वर्षांच्या पोरावर ढकलली.

मी कमिटी सोडली. फळ्यावर आता कोणीतरी इंग्रजीत लिहितं. घरी जाऊन सांगायची पद्धत इव्हानने बंद केली, म्हणाला, वेळ जातो.

आता मागते ते ऐक. पुढच्या शनिवारी दुपारी मला तुमच्या घरी येऊ दे. चहा देऊ नकोस. पपांच्या समोर बसून मला तेवढंच बोलू दे, की अंकल, उद्या तुम्ही नाही. तीन महिने उशिरा, मला माहीत आहे, आणि त्याने काहीच बदलणार नाही. पण त्यांना ते अजून घरी येऊन कोणी सांगितलेलं नाही. तेव्हा तू त्यांच्याजवळ बसलेली अस. त्यांना आई नाही.

तू नाहीच म्हणशील. मी तुझ्या जागी असते तर मीही म्हटलं असतं. तरी विचारते. येऊ का? फाटकाशी आल्याबरोबर मी आधी माझं नाव सांगेन, त्यांना विचारावं लागणार नाही.

सुचेता